पक्षी येणार हे गाईडला आधीच कसं कळलं?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही दोघी मैत्रिणी श्रीलंकेला गेलो होतो. सिंहराजाच्या वर्षावनात सकाळी गाईडबरोबर पक्षी बघायला निघालो. दोन तास झाडं, वेली आणि जळवा सोडून काही दिसलं नाही. शेवटी मी म्हटलं, आता परत फिरू या. गाईड म्हणाला, 'जरा थांबा, येतील.' आणि खरंच आले! तीस-चाळीस पक्षी, तेही दहा-बारा जातींचे, एकदम झाडाझाडांतून आले, आम्ही कुठे बघू आणि कुठे नको करेपर्यंत निघूनही गेले. पुन्हा सामसूम. मैत्रीण म्हणते, हे लोक दाणे टाकून पक्ष्यांना सवय लावतात. मला वाटतं, त्याने मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावले असावेत. खरं काय? आणि एवढं नावाजलेलं जंगल, तर बाकीचा वेळ ते रिकामं का होतं?
ता. क. गाईड घेणं तिथे सक्तीचं का आहे? जळवा झाडावरून पडतात का? आणि असा देखावा आपल्याकडे कुठे दिसेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्हा दोघींच्याही शंका स्वाभाविक आहेत. पण ना दाणे, ना मोबाइल. तुम्ही जे पाहिलं तो सिंहराजाचा सगळ्यात नावाजलेला देखावा आहे आणि तो रोज घडतो. मात्र तो समजून घ्यायला तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करायला हवी : जंगल रिकामं का वाटलं?

वर्षावन म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे फांदीफांदीवर पक्षी असणार. तसं नसतं. तिथे श्रीमंती असते ती जातींची, संख्येची नव्हे. खाडीकाठी रोहितांचा थवा उतरतो तेव्हा हजारो पक्षी एकाच जातीचे असतात. वर्षावनात याच्या उलट. जाती भरपूर, पण प्रत्येक जातीचे पक्षी मोजके आणि विखुरलेले. त्यात तिथली झाडं तीस-चाळीस मीटर उंच. त्यांच्या शेंड्यांचं छत इतकं दाट असतं की भर दुपारीही खाली संधिप्रकाश. पक्षी वर, आपण खाली, मध्ये पानांचे चार पडदे. म्हणजे त्या दोन तासांत तुमच्या आसपास पक्षी नव्हते असं नाही. पुष्कळसे होते, पण एकेकटे, गप्प आणि पानाआड.

आता दुसरी गोष्ट. इथले किडे खाणारे बरेच पक्षी दिवसाचा मोठा भाग एकत्र हिंडतात, आणि एकत्र म्हणजे आपल्याच जातीचे नव्हे, तर वेगवेगळ्या जातींचे. याला पक्षिनिरीक्षक मिश्र थवा म्हणतात. सिंहराजातल्या अशा थव्यांचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. जगात इतकी वर्षं सलग पाहिले गेलेले थवे फार थोडे असतील. तिथल्या एका थव्यात सरासरी चाळीसेक पक्षी आणि दहा-अकरा जाती भरतात. तुम्ही अंदाजाने लिहिलेले आकडे बरोबर जुळतात, म्हणजे गोंधळातही तुमची नजर चांगली चालली होती.

आणि गंमत अशी की जंगलातले पुष्कळसे पक्षी या थव्यांत एकवटले, की मधलं जंगल साहजिकच ओकं पडतं. म्हणजे तुमचे दोन रिकामे तास आणि ती भरगच्च दहा मिनिटं यांचं कारण एकच.

दाण्यांची शंका इथेच निकालात निघते. थव्यातले बहुतेक पक्षी किडे, अळ्या, कोळी खाणारे. त्यांना दाण्यात रस नाही. वनविभागाच्या इमारती किंवा राहण्याच्या जागा असतात तिथे खरकट्याला सोकावलेले रानकोंबडे आणि निळे मॅगपाय दिसतात, ते खरं आहे, आणि ते चांगलं नाही. पण जंगलातल्या थव्याचा त्याच्याशी संबंध नाही.

या थव्याची रचना बघण्यासारखी आहे. केंद्रस्थानी असतो नारिंगी चोचीचा सातभाई. आपल्या अंगणात कलकलाट करणाऱ्या सातभाईचा हा जवळचा भाऊबंद, फक्त रंगाने तांबूस आणि फक्त श्रीलंकेत सापडणारा. सवयी त्याच : टोळीने राहायचं, पानं उलथीपालथी करायची आणि सतत बडबड करत एकमेकांचा ठावठिकाणा घेत राहायचा. त्याच्या जोडीला असतो तुरेवाला कोतवाल. हे दोघे नसतील तर थवा बहुधा जमतच नाही. बाकीचे येऊन मिळतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीत जसं गावोगावचं माणूस सामील होतं, काही टप्प्यांपर्यंत चालतं आणि आपल्या वाटेने जातं, तसं इथे चालतं. सातभाई मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सामील होणाऱ्यांचे मजले ठरलेले असतात. अगदी खाली, कुजलेल्या पानांत आणि झुडपांत, राखी डोक्याचे सातभाई. मधल्या उंचीवर कर्णा : नराचं पोट लालभडक, पण तो इतका निश्चल बसतो की चार हातांवर असून दिसत नाही. त्याच्याही वर, वेलींच्या जाळ्यात, लाल तोंडाचा मालकोहा. हा कोकिळेच्या कुळातला, पण दुसऱ्याच्या घरट्यात अंडी न टाकता स्वतःचं घर बांधणारा. शिवाय निळा मॅगपाय, आपल्या टकाचोराचा नातलग : निळं अंग, तपकिरी डोकं आणि पंख, लाल चोच, लाल पाय. मधूनमधून खारीसुद्धा या मेळ्यात सामील होतात. तुम्ही 'कुठे बघू आणि कुठे नको' असं लिहिलं आहे ना, त्याचं कारण हे मजले. पुढच्या वेळी सगळीकडे एकदम दुर्बीण फिरवू नका. एक मजला धरा, तो संपला की पुढचा.

आता कोणी विचारेल, वेगवेगळ्या जातींनी एकत्र हिंडण्यात फायदा काय? उलट खाण्यात वाटेकरी वाढणार. याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

पहिलं पोटाचं. सातभाई पानं हलवतात, तेव्हा दडलेले किडे उडतात. कोतवाल आणि कर्णा हे उडता किडा झेलण्यात वाकबगार. पानातला किडा सातभाईचा, हवेतला कोतवालाचा, अशी आपोआप वाटणी होते. प्रत्येकाची जागा आणि पद्धत वेगळी असल्यामुळे भांडण कमी.

दुसरं जिवाचं. पानात डोकं खुपसून किडे शोधणाऱ्या पक्ष्याला पाठीमागून येणारा शिकारी दिसत नाही, आणि या जंगलात शिक्र्याच्या जातीचे शिकारी पक्षी झाडांमधून सुसाट येतात. चाळीस पक्षी बरोबर असले की ऐंशी डोळे पहाऱ्यावर असतात. त्यातही कोतवाल खास, कारण तो उघड्या फांदीवर ताठ बसून हवेवर नजर ठेवतो. त्याचं पोटच त्या सवयीवर चालतं. त्यामुळे धोका दिसल्यावर ओरडणाऱ्यांत सातभाई आणि कोतवाल आघाडीवर असतात आणि बाकीचे त्यांच्या भरवशावर निवांत चरतात.

कोतवालाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या गाईडचं गुपित अर्धं त्याच्यापाशी आहे. आपला भृंगराज ओळखत असाल तर सिंहराजात शेपटीचे ते दोन लांब दांडे आणि टोकाची पानं शोधू नका. श्रीलंकेच्या ओल्या भागातल्या या पक्ष्याची शेपटी नुसती लांब आणि खोल दुभंगलेली असते, डोक्यावर तुरा असतो. पूर्वी त्याला भृंगराजाचाच प्रकार मानत. आता बहुतेक याद्या त्याला स्वतंत्र जात धरतात. नकला करण्यात मात्र दोघेही सारखेच पटाईत.

सरथ कोटगम आणि एबेन गुडेल या अभ्यासकांनी सिंहराजातल्या कोतवालाच्या या नकलांवर वर्षानुवर्षं काम केलं. आपल्याला वाटतं, नक्कल म्हणजे नुसती हौस. त्यांना दिसलं ते वेगळं. निवांत असताना कोतवाल इतर जातींचे रोजचे आवाज काढतो आणि धोका दिसला की इतर जातींचे धोक्याचे आवाज काढतो, शिकारी पक्ष्यांचेसुद्धा. म्हणजे कुठला आवाज कुठल्या प्रसंगाला, हे तो चुकत नाही. पुढे त्यांनी ध्वनिमुद्रणं वाजवून पाहिली. नुसत्या कोतवालाच्या आवाजापेक्षा नकला मिसळलेल्या आवाजाकडे इतर जातींचे पक्षी जास्त आले. कोतवाल त्यांच्या 'भाषेत' बोलून थवा जमवतो, असं समजायला जागा आहे. मला हा सगळ्या सिंहराजातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. रंगीत पक्षी जगात पुष्कळ आहेत. दहा जातींना त्यांच्या त्यांच्या बोलीत हाक मारणारा पक्षी आपल्या डोळ्यांसमोर बसलेला असतो आणि दुर्बीण मालकोह्यामागे धावत असल्यामुळे आपण त्याच्याकडे बघतही नाही.

आता तुमचा गाईड. तुम्ही डोळ्यांनी शोधत होतात आणि तो कानांनी. सातभायांची बडबड आणि कोतवालाची खणखणीत शीळ पानांच्या पडद्यांना जुमानत नाही, पक्षी दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येते. नवख्याला ती जंगलाच्या एकंदर किरकिरीत मिसळून जाते. तो ती वेगळी ओळखतो, आवाज वाढतो आहे की कमी होतो आहे यावरून थवा कुठल्या दिशेने सरकतो आहे हे ताडतो, आणि मग पाठलाग न करता वाटेवर पुढे जाऊन उभा राहतो. 'जरा थांबा, येतील' याचा अर्थ एवढाच. शिवाय सातभाई हे गाव सोडून जाणारे पक्षी नव्हेत. टोळ्या त्याच त्याच भागात हिंडतात. रोज त्या वाटेवर जाणाऱ्या माणसाला कुठला थवा सकाळी साधारण कुठे असतो, पावसाची सर ओसरल्यावर कुठे हालचाल सुरू होते, हे ठाऊक असतं. जोराच्या सरीत पक्षी गप्प बसतात आणि ती थांबली की भुकेने लगबग करतात. म्हणून पावसाने वैतागून परत फिरणारे लोक नेमकी चांगली वेळ गमावतात.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी येतो, हे मात्र खोटं नाही. हद्द राखणाऱ्या पक्ष्याला वाटतं, कोणी प्रतिस्पर्धी घुसला. तो तावातावाने बाहेर येतो, आपल्याला फोटो मिळतो. पण त्या वेळात तो खात नसतो, पिल्लांना भरवत नसतो, आणि जिथे रोज पर्यटकांच्या तुकड्या येतात तिथे ही फसवणूक त्याच्या वाट्याला रोज येते. अभ्यासकाने मोजून-मापून केलेला प्रयोग वेगळा आणि दर अर्ध्या तासाला लावलेला मोबाइल वेगळा. शिवाय एका पक्ष्याचा आवाज लावून दहा जातींचा थवा आपल्या क्रमाने सरकत येईल, असं होत नाही. तुमच्या वर्णनातला थवा स्वतःच्या चालीने आला आणि गेला. एखादा गाईड आवाज लावू लागला तर 'नको, आम्ही थांबतो' असं सरळ सांगावं. बक्षिसीच्या आशेने तो ते करतो, त्यामुळे आपण नको म्हटलं की प्रश्न मिटतो.

तुम्ही ज्या वाटेवर उभ्या होतात तिच्याबद्दलही सांगायला हवं. तुम्ही प्रवेश कुठून केला ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक लोक कुडव्याच्या बाजूने जातात आणि ती रुंद वाट म्हणजे लाकूड वाहून नेण्यासाठी केलेला जुना रस्ता आहे. १९७० च्या दशकात इथे यंत्रांनी झाडं तोडली जात होती, प्लायवूडसाठी. निसर्गप्रेमी आणि शास्त्रज्ञांनी याविरुद्ध चळवळ केली. त्यांत थिलो हॉफमन हे स्वित्झर्लंडहून येऊन श्रीलंकेत स्थायिक झालेले गृहस्थ आघाडीवर होते. १९७७ मध्ये तोड थांबली. १९७८ मध्ये सिंहराजा युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत गेलं आणि १९८८ मध्ये जागतिक वारसा ठरलं. वारसा म्हणून नोंदलेलं क्षेत्र आहे जेमतेम ८९ चौरस किलोमीटर, म्हणजे तुमच्या घरामागच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाहून कमी! त्या एवढ्याशा जागेतली साठ टक्क्यांहून अधिक झाडं जगात श्रीलंकेबाहेर कुठेही नाहीत. तोड आणखी दहा वर्षं चालली असती तर काय उरलं असतं, याचा विचार करवत नाही.

तोडलेला भाग आता पुन्हा वाढला आहे. तिथलं छत अजून थोडं विरळ आणि बुटकं, त्यात रस्त्याची मोकळी फट. त्यामुळे पक्षी दिसायला तोच भाग सोयीचा पडतो. मात्र यावरून 'झाडं तोडली की पक्षी वाढतात' असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिथे पक्षी जास्त दिसतात, कारण आपल्याला दिसायला वाव आहे. आणि तो भाग पुन्हा जंगल होऊ शकला, कारण शेजारी न तोडलेलं जंगल शिल्लक होतं.

आता गाईडच्या सक्तीकडे वळतो. 'उगाच पैसे काढायची युक्ती' असं पुष्कळ जण म्हणतात, तुम्ही तसं लिहिलं नाहीत याचं बरं वाटलं. तिथे वनविभागाच्या चौकीवर तिकिटाबरोबर गाईड घ्यावा लागतो. कारणं साधी आहेत. दाट जंगलात वाट सोडली की दिशा कळत नाही, ओढे पावसाने अचानक फुगतात, विषारी सापही आहेत. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. बरेचसे गाईड भोवतालच्या गावांतले असतात. या गावांचा जंगलाशी संबंध जुना. वेत, रानवेलदोडा, औषधी वेली तिथून येत, आणि कितुलच्या झाडाचा रस काढून गूळ करणं हा तर मोठाच व्यवसाय. कितुल म्हणजे कोकणातला आपला भेरली माड. राखीव जंगल झाल्यावर यातल्या बऱ्याच गोष्टींवर बंधनं आली. ज्यांच्याकडून जंगल काढून घेतलं त्यांना त्याच जंगलाच्या जिवंत राहण्यातून रोजगार मिळाला तरच राखण टिकते. तुमचे गाईडचे पैसे तिथे कारणी लागतात.

आणि गाईडशिवाय जे कधीच दिसलं नसतं, त्याचं एक उदाहरण देतो. १९९५ मध्ये दीपल वरकागोडा या श्रीलंकेच्या पक्षितज्ज्ञांनी कितुलगलच्या जंगलात रात्री एक आखूड, मऊ शीळ ऐकली. ती कुठल्याही माहीत असलेल्या पक्ष्याची नव्हती. पुढे जवळजवळ सहा वर्षं तो नुसता आवाजच राहिला. जानेवारी २००१ मध्ये सिंहराजात त्यांना तो पक्षी दिसला : वीतभर उंचीचं, तांबूस, कानाशी पिसांची शिंगं नसलेलं घुबड. २००४ मध्ये पामेला रासमुसेन यांच्यासह त्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं थिलो हॉफमन यांचं, ज्यांनी ते जंगल वाचवण्यासाठी झुंज दिली होती. १८६८ नंतर श्रीलंकेत पक्ष्याची नवी जात सापडली ती ही पहिलीच. शतकाहून अधिक काळ इंग्रज शिकारी, नमुने गोळा करणारे, प्राध्यापक सगळे त्या जंगलांतून गेले आणि कोणाला पत्ता लागला नाही.

आज पर्यटकांना हे घुबड दाखवतात ते गावातले गाईड. दिवसा ते नेच्यांच्या किंवा बारीक बांबूच्या दाटीत, जमिनीपासून पुरुषभर उंचीच्या आतच झोपलेलं असतं. गाईड भल्या सकाळी एकटाच झुडपांत शिरून शोध घेतो आणि सापडलं तरच पाहुण्यांना नेतो. बेडूकमुखी पक्ष्याचंही तसंच. सुकल्या पानांच्या झुबक्यासारखी जोडी फांदीवर चिकटून बसते, हातभरावरून पाहिली तरी पान वाटते. अशा झोपलेल्या पक्ष्यांजवळ दोन मिनिटं थांबावं, फ्लॅश वापरू नये, आणि 'आणखी जवळ जाऊ या' असा आग्रह गाईडला करू नये. तो पाहुण्याचं मन मोडत नाही. म्हणून आवर आपणच घालायला हवा.

इथे एक समज दूर करतो. श्रीलंकेत तेहतीस-चौतीस जाती अशा आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत. लोक म्हणतात, बेट आहे ना, समुद्रामुळे वेगळे पडले. ऐकायला पटतं, पण तेवढ्याने भागत नाही. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र उथळ आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की तिथे जमीन उघडी पडायची, आणि हे एकदा नव्हे, अनेकदा घडलं. मग पक्षी मिसळले का नाहीत? कारण तो जमिनीचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश कोरडा. सह्याद्रीचं ओलं जंगल इकडे, श्रीलंकेच्या नैर्ऋत्येचं ओलं जंगल तिकडे, मध्ये काटेरी झुडपांचा रखरखीत मुलूख. दाट सावलीत जगणाऱ्या पक्ष्याला तो मुलूख ओलांडणं समुद्राइतकंच अवघड. म्हणून सिंहराजातले पुष्कळ रहिवासी तिथेच राहून वेगळे झाले. तरी काही जाती दोन्हीकडे सामाईक राहिल्या. थव्यातला कर्णा तिलारीच्या जंगलातही आहे, आणि 'श्रीलंकेचा बेडूकमुखी' गोव्यात मोलेमच्या बाजूला बघायला लोक मुद्दाम जातात.

नवरंगाची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात कोकणात घरटं करणारा हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो, श्रीलंकेपर्यंत. फेब्रुवारीत तो तुम्हाला तिथे दिसला असेल तर तो तिथे पाहुणाच होता.

जळवांचं उत्तर थोडक्यात. झाडावरून त्या पडत नाहीत. ओल्या पाचोळ्यात आणि बुटक्या झुडपांवर दबा धरून असतात. आपल्या पावलांची धमक, श्वास आणि ऊब यांवरून त्यांना सुगावा लागतो, आणि बुटावरून वर चढत चढत त्या मानेपर्यंत जातात. मानेवर सापडली की आपल्याला वाटतं, वरून पडली. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे लीच सॉक्स हा खरा उपाय. चावल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरायचं कारण नाही. नखाने तोंडाशी सरकवून काढावी, जखम धुवावी, खाजवू नये.

दुर्बिणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'अंधारात काही नीट दिसेना' हे वाक्य पत्राच्या समासात आहे म्हणून सांगतो. जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण जंगलात चांगली, असा समज आहे. ८×४२ ची दुर्बीण डोळ्यापर्यंत सव्वापाच मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत पोचवते आणि १०×४२ ची सव्वाचार मिलिमीटरहूनही थोडा कमी. ४२ ला ८ ने आणि १० ने भागून बघा. शिवाय आठपटीच्या दुर्बिणीत जागा जास्त मावते आणि हात थरथरलेला कमी जाणवतो. मजल्यामजल्यांवर पळणाऱ्या थव्यासाठी तीच बरी.

राहिला शेवटचा प्रश्न, आपल्याकडे हे दिसेल का? दिसेल. मिश्र थवे सह्याद्रीतही असतात, फक्त पात्रं बदलतात. आंबोली, तिलारी, कोयना किंवा गोव्यातल्या सदाहरित जंगलांत तपकिरी गालाचा फुलवेटा हा बारीकसा पक्षी सातभायांसारखं टोळीचं काम करतो आणि कोतवालाच्या जागी आपला भृंगराज असतो, शेपटीच्या दांड्यांसकट. बरोबर निखार, मखमली शिलींध्री, स्वर्गीय नर्तक, एखादा सुतार. थवे लहान असतात, पण पद्धत तीच. तेवढंही लांब जायचं नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी येऊरला जा. भृंगराज तिथेही आहे. वाटेवर एका जागी अर्धा तास उभ्या राहा आणि चालण्याऐवजी ऐका. त्याची धातूसारखी शीळ आली, की तिच्या रोखाने चटकन धावू नका. ती जवळ येते आहे की दूर जाते आहे, एवढंच आधी ठरवा.